तक्त्यामागचा कागद

३ नोव्हेंबर

सिस्टर यांस,
सप्रेम नमस्कार.

टण-टण… आणि जरा थांबून, टण.

पितळी वाटीच्या काठावर चमचा. दोन जलद, एक सावकाश. ‘पेशंटच्या पिशवीत एक पितळी वाटी, एक चमचा आणि शाळेच्या बक्षिसाचं कवितांचं पुस्तक निघालं,’ ही तुमच्या पत्रातली ओळ वाचली आणि त्रेचाळीस वर्षांनी तो आवाज या घरात पुन्हा वाजला. मी खरंच मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे आता गाद्यांची घडी आहे आणि तिच्यावर मांजर झोपतं.

पुस्तक माझं आहे. सातवीत पाठांतराला पहिला आलो तेव्हा मिळालेलं. त्याच्यावरचा शिक्का पाहून तुम्ही शाळेला लिहिलंत हे बरं केलंत. त्याच शाळेत मी पुढे चौतीस वर्षं मुलांना कविता शिकवल्या, म्हणून तिथल्या कारकुनाने तुमचं पत्र चालत येऊन माझ्या हातात दिलं.

ज्यांचं कुणी नाही अशांच्या तुमच्या वॉर्डात, अकरा नंबरच्या खाटेवर जो म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडलाय, बोलत नाही, खात नाही, तो माझा थोरला भाऊ. दादा. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, म्हणजे आता एक्याऐंशीचा. बस स्टँडच्या बाकावरून त्याला उचलून आणलं असं तुम्ही लिहिता. तो जिवंत असेल का, हा प्रश्न मी स्वतःला विचारणं केव्हाच सोडून दिलं होतं.

तुम्ही विचारलेल्या गोष्टी सांगतो. आई त्याला ‘थोरल्या’ म्हणायची. (मला ‘पोपट’, पाठांतरामुळे.) तो डाव्या कुशीवर झोपतो, खिडकीकडे तोंड करून. चहा बिनसाखरेचा. कशाला घाबरतो म्हणाल, तर तो कशाला घाबरलेला मला आठवत नाही.

आणि ती वाटी. आमची आई आठ वर्षं अंथरुणावर होती, कमरेखालचं अंग गेलेलं. पण घरावर हुकूम तिचाच. जेवायची वेळ झाली की ती पडल्या पडल्या वाटी वाजवायची आणि आम्ही दोघं भाऊ, एक इकडून, एक तिकडून, हसत धावायचो. शाळा सुटल्याची घंटासुद्धा कधी इतकी गोड वाजली नाही. तुम्ही म्हणता तो खात नाही. जेवणाच्या वेळी ती वाटी वाजवून बघा. भूक आठवणीनेही लागते, असं मला वाटतं.

आईचं सगळं आम्हीच केलं. खरं सांगायचं तर बरंचसं मीच. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, अंग पुसणं, सगळं. त्यामुळे तुमच्या कामाची मला कल्पना आहे.

दादा घर सोडून का गेला, ते लांबण आहे. आता कशाला.

मी येऊ शकत नाही. गुडघे, थंडी, नऊ तासांचा प्रवास. घरी फोन नाही. होता तो काढून टाकला, चुकीच्या नंबराशिवाय कुणाचा येत नव्हता. पत्र लिहीत जा.

तुमचा,
निवृत्त मास्तर

*

१२ नोव्हेंबर

मास्तर, नमस्कार.

तुमचं पत्र ड्यूटी संपेपर्यंत धीर धरवेना, म्हणून औषधांच्या ट्रॉलीमागे उभी राहून वाचलं. मावशींनी पाहिलं. मावशी म्हणजे आमच्या वॉर्डाची झाडलोट आणि बेडपॅन सांभाळणाऱ्या बाई. म्हणाल्या, ‘या वयात प्रेमपत्र?’ म्हटलं, ‘हो, शहात्तर वर्षांच्या माणसाचं आहे.’

मी असले प्रश्न का विचारते ते आधी सांगते. आमच्याकडे चाळीस खाटा. प्रत्येकीच्या पायाशी एक तक्ता टांगलेला असतो: ताप, नाडी, रक्तदाब, औषधं. मी त्या तक्त्यामागे आणखी एक कागद लावते. त्यावर लिहायचं ते हे, की हा माणूस कोण आहे. घरी काय म्हणतात, दिवा चालू हवा की बंद, कुणाची वाट बघतो. मेट्रन म्हणतात, ‘सिस्टर, तुम्हाला खाटेमागे दहा मिनिटं आहेत, कादंबरी लिहायला बसू नका.’ त्यांचंही खरं आहे, आम्ही दोघी-तिघी आणि पेशंट चाळीस. पण ताप उतरला तरी माणूस उठत नाही, हे मी बावीस वर्षं बघतेय. उठून जायचं कुणाकडे, हे त्याला ठाऊक असावं लागतं.

अकरा नंबरचा मागचा कागद सतरा दिवस कोरा होता. तुमच्या पत्राने भरला.

खाट फिरवून घेतली, डावी कूस खिडकीकडे. मग कानाशी वाकून म्हटलं, ‘थोरल्या!’ मावशी फिस्सकन हसल्या. त्यांनी तुमच्या दादांचं नाव मौनीबाबा ठेवलंय. ‘अहो, तुमच्या बापाच्या वयाचे आहेत ते, थोरल्या काय!’ पण दादांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, आणखी कुणी आहे का. कुणी नव्हतं. पुन्हा मिटले. बिनसाखरेचा चहा मात्र दोन घोट गेला. वजन अडतीस किलो आहे, दोन घोटांनी काय होणार. तरी मी ते लाल शाईने लिहिलं.

आता एक विचारायचंय. शेजारी बारा नंबरवर अर्धांग झालेले एक सुतार आहेत. काल दुपारी बघते तर तुमचे दादा खाटेवरून पाय खाली सोडून बसलेले, आणि सुतारांच्या कमरेखालची चादर आडवी घडी करून, दोन्ही हातांनी ओढून त्यांची कूस बदलतायत. अंगात ताकद नव्हती, पण घडी अशी की मी पहिल्या वर्षाच्या मुलींना दाखवावी. मग टॉवेलची गुंडाळी करून पोटरीखाली दिली, टाच गादीला लागू नये म्हणून. हे नुसतं बघून येत नाही, मास्तर. वर्षानुवर्षं केल्याशिवाय हाताला कळत नाही. आज पुन्हा लक्ष ठेवलं, कूस बदलण्याआधी ते फरशीवरच्या उन्हाकडे बघतात. ऊन तिसऱ्या फरशीवर आलं की हात पुढे होतात.

आईचं बरंचसं तुम्ही केलं, असं लिहिलंत. मग सांगा: कूस बदलायची वेळ झाली, हे तुम्हाला कशावरून कळायचं?

उद्या दुपारच्या जेवणाला वाटी वाजवून बघते.

अकरा नंबरची सिस्टर

*

१७ नोव्हेंबर

सिस्टर,

तुमचं पत्र आत्ता पोचलं. पोस्टमनला दारातच थांबवून हे खरडतोय. तो कपाळाला आठ्या घालून उभा आहे.

वाटी वाजवू नका. अजून वाजवली नसेल तर वाजवूच नका. दुसरं काहीही करा. कारण मागाहून लिहीन.

वेळ घड्याळावरून कळायची. भिंतीवर घड्याळ होतं.

मास्तर

*

२१ नोव्हेंबर

मास्तर,

तुमची चिठ्ठी आज आली. मी वाटी तेरा तारखेला वाजवली.

काय झालं ते लिहिते. दुपारचे साडेबारा. मावशी ताटं मांडत होत्या. मी पिशवीतली वाटी काढली, पुसली आणि तुम्ही लिहिलं होतं तशीच वाजवली. दोन जलद, एक सावकाश. मला वाटलं, वळून बघतील. हसतीलसुद्धा.

ते उडाले. ज्या माणसाला उभं करायला आम्ही दोघी लागायचो, तो एका झटक्यात खाटेबाहेर. ‘आलो, आई! आलो, आलो!’ वॉर्डात आल्यापासूनचे त्यांचे पहिले शब्द. शेवटच्या खाटेपर्यंत ऐकू गेले. दोन पावलं टाकली आणि कमरेवर आदळले. मी धरायला गेले. पण माझ्या एका हातात चमचा होता, म्हणून एकच हात पुढे गेला.

खुब्याचं हाड मोडलंय. हृदय इतकं थकलेलं आहे की भूल देता येत नाही, म्हणजे ऑपरेशन नाही.

तो जेवणाचा आवाज नव्हता. ताटाकडे निघालेला माणूस असा पळत नाही. पेशंटची घंटा वाजली की मी स्वतः अशी पळते, म्हणून मला ते धावणं ओळखू येतं. ती हाक होती, आणि तुम्हाला ते माहीत होतं.

मेट्रननी मला आत बोलावलं. मागच्या कागदावर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘वाटीचा आवाज: आवडतो.’ तो कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. ‘हे कुणी सांगितलं?’ ‘भावाने.’ ‘भाऊ कुठाय?’ संध्याकाळपर्यंत चाळीसही खाटांचे मागचे कागद काढायला लावले. मावशींनी ते फेकले नाहीत, गठ्ठा बांधून चादरींच्या कपाटात ठेवलेत. म्हणाल्या, ‘चाळीस माणसं रद्दीत घालू काय?’

घड्याळाचं म्हणाल, तर तुमचे दादा आता उठू शकत नाहीत, तरी मान वळवून फरशीवरचं ऊनच बघतात. समोर भिंतीवर घड्याळ आहे, तिकडे त्यांची नजर एकदाही जात नाही.

मी चिडून लिहितेय. चीड अर्धी तुमच्यावर आहे, अर्धी माझ्यावर. त्यांना न विचारता मी दुसऱ्याच्या सांगण्यावरून कागद भरला. पण आता खरं लिहा. त्यांच्यापाशी फार दिवस नाहीत, आणि मला पुन्हा खोट्या ओळीवर त्यांची शुश्रूषा करायची नाही.

सिस्टर

*

२८ नोव्हेंबर

सिस्टर,

तुमचं पत्र आल्यापासून रोज लिहायला बसतोय. चार पत्रं फाडली, कारण ती सुंदर होत होती. मला ती खोड आहे. काही सांगायला घेतलं की त्याला चाल लागते, आणि चाल लागली की काय खरं घडलं ते मागे राहतं. हे पाचवं, येईल तसं.

आईचं सगळं दादाने केलं. आठ वर्षं. लाकडाच्या वखारीतली नोकरी सोडली, ठरत आलेलं लग्न मोडलं. मी शाळेत शिकवायचो आणि घरी आलो की बाहेरच्या खोलीत कविता मोठ्याने म्हणायचो. आत फारसा जायचो नाही. मला तो वास सोसायचा नाही. म्हणायचो, ‘दादा, तुला जमतं रे हे सगळं.’ तो म्हणायचा, ‘तुला पाठ होतं, मला जमतं. झाली की वाटणी.’

वाटी ही आईची हाकच होती. पुढे पुढे तिचा आवाज बसला, ओरडता यायचं नाही. पाणी हवं असलं, ओलं झालं, श्वास कोंडला, की दोन जलद, एक सावकाश. ये, ये… ये.

त्या दिवशी रविवार होता. दुपार. दादाचे केस मानेवर आले होते. मीच म्हटलं, ‘जा की, केस कापून ये, वेड्यासारखा दिसतोस. मी आहे ना घरी.’ तो तीनदा दारातून परत आला. पाणी हाताशी आहे का, उशी उंच आहे का. तिसऱ्यांदा म्हणाला, ‘वाजली की लगेच जा हं, पोपट. तिला कफ झालाय.’ मी म्हटलं, ‘जा रे बाबा एकदाचा.’

शाळेच्या संमेलनासाठी मी कविता लिहीत होतो. स्वतःची. तीन कडवी झाली होती, चौथ्याची शेवटची ओळ येत नव्हती. तेवढ्यात वाटी वाजली. मला वाटलं, एवढी ओळ होऊ दे. पुन्हा वाजली. आता आठवतं, दुसऱ्यांदा ताल चुकला होता, तिन्ही ठोके जलद होते. मग वाटी खाली पडली, फरशीवर गरगर फिरली आणि थांबली. मला बरं वाटलं, सिस्टर. वाटलं, झोप लागली.

ओळ आलीच नाही. अर्ध्या तासाने आत गेलो.

दादा परतला तोवर आत्या आणि शेजारी जमले होते. त्याचे केस बारीक कापलेले, मानेला पावडर, अंगाला साबणाचा वास. आत्याने विचारलं, ‘जवळ कोण होतं?’ आणि मी म्हणालो, ‘मी शाळेत गेलो होतो, तयारीला. आत्ताच आलोय.’

एवढं एकच वाक्य. पुढचं काम त्याच्या केसांनी केलं. मरणाच्या दारातल्या आईला एकटी टाकून हा केस कापायला गेला! आत्या बोलली, मामा बोलला, मग सगळी गल्ली. दादाने माझ्याकडे एकदा पाहिलं. आता हा बोलणार म्हणून मी वाट पाहत राहिलो. तो बोलला नाही. दहा-बारा दिवसांनी सकाळी उठलो तर दादा नव्हता. वाटी, चमचा आणि माझं पुस्तक नव्हतं. पुस्तक का नेलं ते मला कधीच कळलं नाही. मला वाटायचं, पुरावा म्हणून.

मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा ठरवून खोटं लिहिलं असं नाही, हे तुम्हाला पटणार नाही. आई जेवायला बोलवायची, आम्ही हसत धावायचो, हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं, वर्गात मुलांनासुद्धा सांगितलं, की ते मला पाठ झालं. पाठांतरात मी पहिला होतो.

हे दादाला वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

पोपट

*

६ डिसेंबर

मास्तर,

मी ठरवलं नाही, त्यांना विचारलं. पेशंटला आधी विचारायचं असतं, हे मला वाटीच्या वेळी सुचायला हवं होतं. म्हटलं, ‘आजोबा, घरून पत्र आलंय. जड आहे. वाचू?’ मान हलली.

‘मी शाळेत गेलो होतो’ हे वाक्य मी वाचलं. तेव्हा ते म्हणाले, अगदी स्पष्ट, ‘चप्पल दारात होती.’

‘कुणाची?’

‘पोपटची. मी निघालो तेव्हा होती तिथेच. डावी उलटी पडलेली, ती तशीच उलटी.’

म्हणजे आत पाऊल टाकायच्या आधीच त्यांना माहीत होतं, मास्तर. मी विचारलं, ‘मग बोलला का नाहीत?’

‘लहान होता,’ म्हणाले.

मी मनात हिशेब केला. तुम्ही तेहतीस वर्षांचे होतात.

पुस्तकाचंही विचारलं. पुरावा वगैरे काही नाही. ‘तो बाहेर कविता म्हणायचा, मी आत आईची कूस बदलायचो. एका कवितेत एक कूस व्हायची. मला कुठं धड वाचता येतं? पण पुस्तक उशाशी असलं की ऐकू यायचं.’ एवढं बोलून दमले आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, संपलं सगळं. पण संध्याकाळी मावशींनी दूध धरलं तर अर्धा पेला प्याले. मावशी म्हणाल्या, ‘मौन सुटलं ना बाबा? आता रोज माझ्याशी भांडायचं.’

खोटी आशा दाखवत नाही. हाड जुळणार नाही, छातीत पाणी भरतंय. बारा नंबरचे सुतार मंगळवारी गेले. बुधवारी ऊन तिसऱ्या फरशीवर आलं तेव्हा दादांनी त्या रिकाम्या गादीकडे हात लांब केला आणि हळूच मागे घेतला.

मी पत्र वाचत होते तेव्हा मेट्रन दारात उभ्या होत्या. वाटलं, आता बोलणी बसणार. त्या तशाच परत गेल्या. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर अकरा नंबरच्या तक्त्यामागे एक कोरा कागद लावलेला. फक्त अकरा नंबरच्या. तो मी आता त्यांनाच विचारून भरतेय. शेवटचा प्रश्न असतो, कुठे राहायला आवडेल. म्हणाले, ‘घरी. बाहेरच्या खोलीत. आत नको.’

डॉक्टर नाही म्हणतात. नऊ तासांत वाटेतच काही झालं तर? मी रोज राउंडला एकदा विचारते. काल म्हणाले, ‘सिस्टर, तुम्ही डिंकाच्या आहात काय?’ नातेवाईकाने सही केल्याशिवाय पेशंटला वॉर्डाबाहेर नेता येत नाही, म्हणून तो फॉर्म सोबत पाठवते. उपयोग होईल असं नाही, पण सही करून लगेच धाडा. आणि तुम्हीच या. गुडघ्यांचं मी एकदा ऐकून घेतलं. पुन्हा ऐकणार नाही.

सिस्टर

*

१७ डिसेंबर, सकाळ

मुली,

(आता तुला सिस्टर म्हणवत नाही, आणि अहो-जाहोही जमत नाही. राग मानू नकोस.)

फॉर्म आला त्याच दिवशी सही करून टपालात टाकला, मिळाला असेल. ‘पेशंटची संपूर्ण जबाबदारी घेण्यास मी तयार आहे’ असं त्यावर छापलेलंच होतं. माझ्याकडून ते वाक्य कधी लिहून झालं नसतं. छापलेलं होतं म्हणून खाली नाव घालता आलं.

दुपारच्या गाडीने निघतोय. त्याआधीच्या गाडीला जागा मिळाली नाही. हे पत्र स्टेशनवर टाकीन. मी त्याच्या आधी पोचेन हे कळतं, पण लिहिल्याशिवाय मला कुठे निघता येत नाही.

काल आतली खाट ओढत बाहेरच्या खोलीत आणली, माझ्या टेबलाशेजारी. मांजर रुसलंय. दादा इथे यायचा नाही, हे मला समजतं. तरी परत येईन तेव्हा ती इथे असावीशी वाटली. गेले चार दिवस लोडावर सराव करतोय. आडवी घडी, दोन्ही हातांनी ओढ. लोड निम्मा वळतो आणि परत येतो. एकदा लोडासकट मीच खाली आलो. तू पाहिलं असतंस तर पहिल्या वर्षातच नापास केलं असतंस.

ऊनही बघायला लागलो. जन्म या घरात गेला आणि ऊन कुठल्या फरशीवर कधी येतं ते मला माहीत नव्हतं. बाहेरच्या खोलीत ते दहाला उंबऱ्याशी असतं, बाराला दुसऱ्या फरशीवर, दोनला चौथ्या. चौथीला एक तडा आहे, केसासारखा. वर्गात मी उन्हावरच्या कितीतरी कविता शिकवल्या. त्यातली एकही मला या फरशीपर्यंत घेऊन आली नाही.

दादाला भेटल्यावर काय म्हणायचं, ते पाठ करून पाहिलं. होत नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं.

पिशवीत दोन सदरे, स्वेटर, कंगवा आणि कात्री घेतलीय. त्याचे केस वाढले असतील. तू परवानगी दिलीस, आणि त्याला विचारून त्याने मान हलवली, तर मी कापीन. जमतील तसे.

एक सांगायचं राहिलं. त्या चौथ्या कडव्याची शेवटची ओळ. काल संध्याकाळी, ऊन तड्यावरून सरकताना, ती अचानक आली. त्रेचाळीस वर्षांनी. तुला लिहून पाठवतो, म्हणजे निदान कुणापाशी तरी राहील. ती अशी, की

दारात गाडी थांबली. रिक्षावाला तासभर आधीच टपकलाय वाटतं. ‘थांब रे बाबा, एवढी एक ओळ!’ असं ओरडलो.

तो काही थांबत नाही. दार वाजवतोय.

दार नाही.

टण-टण… आणि जरा थांबून, टण.

खिडकीतून एका पांढऱ्या गाडीचं मागचं दार उघडं दिसतंय. कधी न पाहिलेली एक बाई स्ट्रेचरचा दांडा धरून उभी आहे, तिच्या काखेत एक कागद आहे, आणि चादरीबाहेर एक काटकुळा हात आलाय. हातात चमचा आहे.

राहू दे ती ओळ.

आलो, दादा. आलो, आलो